भेगा नाहीत, म्हणून फॅन बेल्ट चांगला?

नमस्कार मंडळी. आज एकाच वस्तूबद्दल बोलू. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला पुल्यांवरून गेलेला हा काळा चपटा पट्टा, ज्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप, हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर त्याचाही पंप, सगळं हाच फिरवतो. टायमिंग बेल्ट वेगळा. तो कव्हरच्या आत असतो, त्याला आज हात लावायचा नाही.

हा तुटला की डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. गाडी चालत राहते आणि घोटाळा तिथेच होतो. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर इंजिनात पाणी फिरणं थांबलेलं असतं. दिवा लागून तापमानाचा काटा चढू लागला, तर घाट संपेपर्यंत रेटू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

आता तपासणी. इंजिन थंड, किल्ली काढलेली. ओढणी, सैल बाह्या, अंगठी, गळ्यातलं आयकार्ड, सगळं बाजूला.

(कॅमेरा बेल्टवर)

वरून बहुतेक वेळा दिसते ती बेल्टची सपाट पाठ. झीज असते पोटाकडे, जिथे लांबीभर उंच धारा आणि त्यांच्या मधे खाचा आहेत. मान वाकडी करून ते नीट दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च लावा, खालच्या बाजूने व्हिडिओ काढा आणि मोठा करून बघा. मग पाठीवर खडूची खूण करा, मोबाइल, हत्यारं, हात बाहेर घ्या आणि इंजिन क्षणभर चालू करून बंद करा. खूण सरकते, दुसरा भाग समोर येतो. किल्ली काढा, पुन्हा बघा. अख्खा बेल्ट बघायचा, हाताला लागेल तेवढाच नाही.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. जुने बेल्ट निओप्रीन नावाच्या रबराचे असत. ते कडक होऊन धारांवर आडव्या भेगा पडायच्या. एका धारेवर इंचभरात तीनपेक्षा जास्त भेगा दिसल्या की बदला, असा नियम होता आणि कित्येक गॅरेजांत तो अजून चालतो. पण हल्लीच्या गाड्यांचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. ते सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. एकही भेग नाही, रंग काळाभोर, आणि तरी बेल्ट संपलेला! रबर झिजून खाचा रुंद होतात, धारा पुलीत जास्त खोल बसतात, तिरक्या बाजूंची पकड जाते. पावसात पाणी निसटायला जागा उरत नाही आणि बेल्ट घसरतो. म्हणून "भेगा नाहीत, चालेल" हे ऐकून बॉनेट लावू नका. खाच मोजायचा छोटा प्लास्टिक गेज मिळतो. त्याची पट्टी खाचेत ठेवा. धारांच्या वर राहिली तर ठीक, धारांच्या बरोबरीला किंवा खाली गेली तर बेल्ट बदला.

धारेचा तुकडा उडालेला, कडेचे धागे सुटलेले, पोट काचेसारखं चकचकीत झालेलं, यातलं काहीही दिसलं तरी बेल्ट गेला. धागे सुटले असतील तर पुल्या एका रेषेत आहेत का, तेही बघून घ्या. ऑइल किंवा कूलंट लागून रबर मऊ पडलं असेल तर आधी गळती बंद करा, नाहीतर नव्या बेल्टचीही तीच गत होईल.

आवाज येतोय? इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पोटावर थोडं पाणी फवारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुलीची रेषा चुकल्याचा संशय. किंचाळणं लगेच वाढलं तर ताण कमी आहे. साबण, मेण, स्प्रे मारून आवाज दाबू नका. दुखणं तसंच राहतं.

नवा घेताना पाठीवरचा नंबर जुळवा. ६पीके१२०० म्हणजे सहा धारा, १२०० मिलिमीटर लांबी. आणि जुना बेल्ट काढलाच आहे, तर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारा) यांची पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा पुली डुलली, तर तीही आत्ताच बदला.