यादी कुणाची, मूल कुणाचं?

मित्रहो, महाराष्ट्रात कुपोषित मुलाची जबाबदारी कुणाची, हे विचारायला निघालात तर चार गावं फिरावी लागतील. अंगणवाड्या चालवणारं एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं आयुक्तालय नवी मुंबईत बेलापूरला आहे. त्याच महिला व बालविकास विभागाचं दुसरं आयुक्तालय पुण्यात आहे. बालगृहं, निराधार मुलं, बालसंगोपन योजना ही कामं तिथून चालतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, आणि आरोग्यसेवेचा कारभार मुंबईतून. ज्या मुलासाठी हे सगळं उभं केलं, ते मात्र अमरावतीच्या मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एखाद्या गावात आईच्या कडेवर असतं, आणि ती आई मराठीपेक्षा कोरकू जास्त बोलते.

मी बरीच वर्षं बालविकास प्रकल्प अधिकारी म्हणून काम केलं. आजच्या विषयाचं नाव मोठं आहे, ‘मुलं आणि कुटुंबांसाठी काम करणाऱ्या शासकीय यंत्रणांचा समन्वय’. मला मात्र एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. समन्वय बैठकीत होत नाही. एका मुलाचं नाव सगळ्या खात्यांच्या एकाच यादीत असेल, त्या नावापुढे एका माणसाची जबाबदारी लिहिलेली असेल आणि पैसा वेळेवर त्या माणसाच्या हाती असेल, तर तो होतो. यातलं एक जरी नसलं तरी उरतं ते इतिवृत्त.

ही अडचण आजची नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हाच तिच्या सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, आरोग्य व पोषण शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भसेवा. यातल्या शेवटच्या तीन सेवा आरोग्य खात्याने द्यायच्या आहेत. म्हणजे योजना एका खात्याची, पण तिचा अर्धा भाग दुसऱ्याच्या हातात. ज्यांनी हे आखलं त्यांचा विचार बरोबर होता, कारण भूक आणि आजार मुलाच्या शरीरात वेगळे राहत नाहीत. जुलाब झालेलं मूल खात नाही, न खाणाऱ्या मुलाला पुन्हा जुलाब होतात. पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या बालमृत्यूंशी कुपोषणाचा संबंध असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या नोंदवहीत मात्र मृत्यूचं कारण म्हणून न्यूमोनिया, कमी वजन, जंतुसंसर्ग असं लिहिलेलं असतं. कुपोषण त्या रकान्यात क्वचितच येतं. मग आरोग्य खातं म्हणतं, हा आजाराने झालेला मृत्यू. बालविकास म्हणतं, आमचा आहार तर चालू होता. दोघांचेही कागद खरे असतात, आणि मूल गेलेलं असतं.

आता समजा, मेळघाटातल्या एका दीड वर्षाच्या मुलीचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला. म्हणजे ती सॅम, तीव्र कुपोषित. अंगणवाडी ताई तिची नोंद पोषण ट्रॅकर या ॲपवर करते. आशाताई आणि नर्सबाई आरोग्य खात्याच्या, त्यांची नोंद वेगळ्या रजिस्टरला आणि वेगळ्या पोर्टलवर. शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणारं आरोग्य पथक 2013 पासून आहे, ते वर्षातून दोनदा येतं आणि आपली तिसरी यादी करतं. गावातच बरी होण्यासारखी असेल तर तिला ग्राम बालविकास केंद्रात, आपण ज्याला व्हीसीडीसी म्हणतो तिथे, घ्यायचं. भूक मंदावली असेल, ताप असेल, सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचं.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ताब्यात असतं. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. पुनर्वसन केंद्र असतं या मोठ्या रुग्णालयांत. म्हणजे ही मुलगी अंगणवाडीतून आरोग्य केंद्रात आणि तिथून रुग्णालयात जाईपर्यंत तीन वेगळ्या साहेबांच्या हद्दीतून जाते. चिठ्ठी दिली की पाठवणाऱ्याचं काम संपलं, दाखल झाली की घेणाऱ्याचं सुरू झालं. चिठ्ठी हातात घेऊन ती घरीच राहिली तर ती कुणाच्याच रजिस्टरला राहत नाही.

आणि ती घरी राहते, त्याला कारणं असतात. दाखल व्हायचं म्हणजे साधारण 14 दिवस आईने तिथे थांबायचं. घरी आणखी दोन लेकरं, म्हातारी सासू, शेळ्या. बुडित मजुरी मिळते, पण घरातल्या धाकट्यांना कोण जेवू घालणार, याला कुठल्याही योजनेत रकाना नाही. शिवाय घरचे आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे जातात. त्यांना नावं ठेवून काही होत नाही. आरोग्य खात्यानेच पुढे भूमकांना सोबत घ्यायचा प्रयत्न केला, तो मला शहाणपणाचा वाटतो. ज्याच्या शब्दाला घरात मान आहे, त्याने ‘दवाखान्यात ने’ म्हटलं तर आई निघते.

आपल्या राज्याने समन्वयाचे प्रयत्न केले नाहीत, असं नाही. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. पुढच्याच वर्षी मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. 1995 पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. तिची कल्पना आजही मला नेमकी वाटते. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, रोजगार नसतो, घरातलं धान्य संपलेलं असतं आणि साथीचे रोग येतात, म्हणून पावसाळ्याच्या आधीच आरोग्य, आहार, रेशन, पाणी आणि रोजगार यांची एकत्र तयारी करायची. भरारी पथकं, मानसेवी डॉक्टर, पाडा स्वयंसेवक ही सगळी त्या व्यवस्थेतली माणसं. वर जिल्हाधिकाऱ्यांची समिती, मंत्रालयात गाभा समिती.

या समित्यांच्या बैठकांत काय होतं, ते इथल्या अधिकाऱ्यांना सांगायला नको. प्रत्येक खातं आपापला अहवाल वाचतं. ‘संबंधित विभागास कळविण्यात आले आहे.’ ‘कार्यवाही चालू आहे.’ तासाभरात दहा विषय होतात आणि एकाही मुलाचं नाव घेतलं जात नाही. मी त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे आकडे ठेवलेले असतात, आणि दोन खात्यांचे आकडे जुळत नसतील तर ते जुळवण्यातच बैठक संपते.

म्हणून मला राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे. औरंगाबाद विभागाचे आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम घेतली होती. त्या अनुभवातून 2005 मध्ये मिशन उभं राहिलं आणि रमणी त्याचे पहिले महासंचालक झाले. सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, अमरावती, नाशिक आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून झाली. युनिसेफची मदत होती. 2011 नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात, वंदना कृष्णा महासंचालक असताना, गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर भर आला.

या मिशनकडे स्वतःची एकही अंगणवाडी नव्हती, दवाखाना नव्हता, वाटायला आहार नव्हता. राज्यात 553 बालविकास प्रकल्प आणि एक लाखाहून जास्त अंगणवाड्या. त्या चालवणारं खातं वेगळंच. कुणाचीच योजना हाती नसल्यामुळे मिशनला कुणाची बाजू राखायची नव्हती. ते दोन्ही खात्यांना विचारू शकत होतं: प्रत्येक मुलाचं वजन झालं का? नसेल, तर राहिलेली मुलं कोणती? माझ्या मते हा दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा होता. वजन न झालेलं मूलच बहुधा आजारी असतं, स्थलांतरित असतं किंवा वस्तीपासून लांब शेतात राहणारं असतं. शंभर टक्के वजन करायला निघालात की कुपोषित मुलांचा आकडा आधी वाढतो. तो वाढल्याबद्दल ताईला नोटीस दिली, तर पुढच्या महिन्यात आकडा खाली येतो आणि मुलं तिथेच राहतात. वरच्या साहेबाने वाढलेला आकडा शांतपणे स्वीकारणं, ही समन्वयाची पहिली पायरी आहे. तिथे धाडस लागतं.

परिणाम काय झाला? 2012 मध्ये राज्याचं स्वतंत्र पोषण सर्वेक्षण झालं. 2005-06 मध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांत एकाहून जास्त मूल खुजं, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीचं होतं. 2012 ला हे प्रमाण चारांत एकाच्या आसपास आलं. याचं सगळं श्रेय मिशनला देता येत नाही. त्या काळात मुलींचं शिक्षण वाढलं, लग्नाचं वय सरकलं, उत्पन्न वाढलं, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. पण एवढ्या थोड्या वर्षांत एवढी घट फार ठिकाणी दिसत नाही, म्हणून बाहेरचे अभ्यासक ती बघायला आले. पुढचं चित्र मात्र दुखवणारं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण 2005-06 ला 46.3 टक्के होतं, 2015-16 ला 34.4 वर आलं आणि 2019-21 मध्ये 35.2. थांबलंच ते. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं शेवटच्या दोन्ही वेळी 25.6 टक्के, आणि त्यांतली तीव्र मुलं 9.4 वरून 10.9 टक्क्यांवर गेली.

आता पैशाकडे येतो, कारण समन्वय सगळ्यांत जास्त तिथे अडतो. व्हीसीडीसीचंच घ्या. गावात अंगणवाडीतच महिनाभर त्या मुलांना दिवसातून अनेकदा ताजा आहार आणि औषधं द्यायची. काम अंगणवाडी ताईचं, सुरुवातीला पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, म्हणजे आरोग्य खात्याचा. मधल्या काळात तो निधी थांबला आणि केंद्रं बंद पडली. पुढे महिला व बालविकास विभागाने ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात ज्या मुलांची पाळी होती, ती पाळी परत येत नाही. दोन वर्षांखालच्या मुलासाठी सहा महिने फार मोठा काळ असतो. दोन खात्यांच्या भागीदारीत एकाने हात काढला तर दुसऱ्याने लगेच काय करायचं, हे शासन निर्णयातच लिहिलेलं असायला हवं.

अमृत आहार योजना 2015 ला आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा अंगणवाडीत गरम, पूर्ण जेवण, आणि पुढच्या वर्षापासून लहान मुलांना अंडी किंवा केळी. पैसा आदिवासी विकास विभागाचा, काम अंगणवाडीचं, देखरेख गावातल्या आहार समितीची. ही योजना मला मनापासून आवडते. घरपोच पाकीट घरात वाटून खाल्लं जातं. अंगणवाडीत बसून जेवलेलं जेवण त्या बाईच्याच पोटात जातं, आणि ती रोज तिथे येत असल्यामुळे नर्सबाईला तपासायलाही सापडते. पण हप्ता उशिरा आला, की किराणावाल्याकडे उधारी ताईच्या नावावर होते. नाशिक, जिल्हा परिषद, प्रकल्प, समितीचं खातं या वाटेवरचा प्रत्येक उशीर शेवटी मानधनावर काम करणारी एक बाई भरून काढते. 2021 मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत केले, त्यामागे हाच संताप होता. वरच्या खात्यांचा मेळ बसत नाही, तो खाली तीन बायकांनी बसवायचा: अंगणवाडी ताई, आशाताई आणि सिस्टर. आणि खरं सांगतो, जिथे या तिघींचं आपसांत पटतं तिथे मुलं वाचतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण राज्याने आपली व्यवस्था त्यांच्या चांगुलपणावर उभी करू नये.

मनावर घेतलं तर यंत्रणा एकत्र येते, याचा दाखला कोविडच्या काळात मिळाला. मे 2021 मध्ये पालक गमावलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल झालं. मृत्यूंची यादी आरोग्य खात्याकडे होती, मुलांची चौकशी बालविकासाने केली, पोलीस आणि बाल कल्याण समिती सोबत होती. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवायचा निर्णय जूनमध्ये झाला. सर्वोच्च न्यायालय एकेका मुलाची माहिती मागत होतं, त्यामुळे कुठल्याही खात्याला ‘सरासरी’ सांगून सुटता आलं नाही.

मेळघाटातली मुलं पावसाळ्यानंतर आईबापांबरोबर कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात. त्यांच्याबाबत असं कुणी विचारत नाही. स्थलांतरित लाभार्थ्यांसाठी आता ॲपवर नोंद ठेवायची सोय केली आहे, ती चांगलीच आहे. तरी वीटभट्टीवरच्या मुलीला तिथल्या अंगणवाडीत ताट मिळालं का, हे फोन करून विचारणारी व्यक्ती लागते.

इथे जिल्हा परिषदेचे अधिकारी बसले आहेत, म्हणून शेवटी एक सांगतो. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि बालविकासाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, दोघेही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली एकाच इमारतीत बसतात. या दोघांच्या सॅम मुलांच्या याद्या समोरासमोर ठेवायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या आढाव्याला एका तालुक्यापासून सुरुवात करा. दोन्ही याद्या मागवा, जी नावं एकाच यादीत आहेत त्यांच्यावर खूण करा, आणि त्यांतलं प्रत्येक मूल आज कुठे आहे हे त्या गावच्या ताईला आणि सिस्टरला एकत्र बोलावून विचारा. शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून पुनर्वसन केंद्राची दाखल-रजा नोंदही मागवा, म्हणजे चिठ्ठी घेऊन घरीच राहिलेली मुलं सापडतील. जूनच्या आधी हे झालं, तर रस्ते बंद होण्यापूर्वी त्या घरांपर्यंत जाता येईल.