बांध किती उंच बांधायचा?

[दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रफीत. खवळलेला समुद्र, पाण्यात बुडालेली छपरं.]

३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. उत्तर समुद्रात वादळ घोंघावतंय, त्यातच उधाणाची भरती. नेदरलँड्सच्या हवामान खात्यानं धोक्याचा इशारा दिलाय. पण रेडिओ केंद्रं रोजच्यासारखी मध्यरात्री बंद झाली आहेत. लोक झोपेत असतानाच झीलंड आणि आसपासच्या भागातले बांध फुटतात. या पुरानं १,८३६ माणसांचा बळी घेतला.

बांध कमी उंचीचे आहेत, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. त्यांच्यापैकी योहान व्हान व्हेन यांनी तसं बजावलंही होतं. पण महायुद्धात मोडलेला देश उभा करायचा होता. पैसा आधी तिकडे गेला. याला नुसता निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. समोर उभी असलेली गरज आणि कधीतरी येईल असं संकट, या दोहोंत आपणही गरजेलाच आधी हात घालतो.

[दृश्य: कोऱ्या कागदावर एकेक आकडा उमटतो.]

शिवाय धोका कोणत्या शब्दांत सांगितला, यावरही आपला निर्णय फिरतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साथीत ६०० जण दगावणार आहेत, असं समजा. एका उपायानं २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्यात सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला हेच गणित घातलं, फक्त ‘२०० वाचतील’ऐवजी ‘४०० मरतील’ असं सांगून. त्या गटातल्या ७८ टक्के लोकांनी जुगार पत्करला!

सरकारं चालवणारी माणसंही याच मनाची. वर त्यांना निकालानंतर जाब द्यावा लागतो. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फोर्ट डिक्स तळावर एक तरुण सैनिक स्वाइन फ्लूनं दगावला. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीची धास्ती होतीच. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी साऱ्या देशाला लस देण्याचं जाहीर केलं आणि ४ कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही. लस घेतलेल्या काहींना मात्र गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला आणि डिसेंबरात मोहीम थांबली. साथ आली असती, तर याच निर्णयाला दूरदृष्टी म्हटलं गेलं असतं. निर्णय घेताना हाताशी काय माहिती होती, हे आधी विचारायला हवं.

[दृश्य: आजचे डच बांध, वरून.]

किती धोका पत्करायचा, हा प्रश्न डचांनी उघड्यावर आणला. पुरानंतर काही आठवड्यांतच, पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून काय करायचं हे ठरवायला डेल्टा आयोग नेमला गेला. गणितज्ञ डेव्हिड व्हान डांट्झिख यांनी बांध उंचावण्याचा खर्च एका बाजूला आणि पुरानं होऊ शकणारं नुकसान दुसऱ्या बाजूला मांडून उंचीचा हिशेब केला. दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी निकष ठरला: वर्षाला १०,००० मध्ये १ इतकी शक्यता असलेली पाणीपातळीही बांधानं पेलली पाहिजे. म्हणजे त्यापलीकडचा धोका देशानं जाणूनबुजून स्वीकारला. हा आकडा बोलून दाखवायला धैर्य लागतं, कारण उद्या त्याच आकड्यावर बोट ठेवून कुणीही जाब विचारू शकतं.

२०१७ पासून तिथल्या कायद्यानं मोजमाप थेट माणसापर्यंत आणलं आहे. बांधामागे राहणाऱ्या कुणालाही पुरात जीव गमावण्याचा धोका वर्षाला १,००,००० मध्ये १ पेक्षा जास्त नसावा. त्यासाठीची मुदत आहे २०५०.