टेस्ट पास झाली, पण पॅच बरोबर आहे का? गावातल्या लॅपटॉपवर स्वतःचं दुरुस्ती-टूल

नमस्कार राजेहो. आज आपण एक असं टूल उभं करणार आहोत, जे प्रोग्रॅममधली चूक शोधतं, तिच्यावर चार-पाच दुरुस्त्या, म्हणजे पॅच, स्वतःच सुचवतं आणि मग तुम्हाला प्रश्न विचारतं. त्या प्रश्न विचारण्यासाठीच हा व्हिडिओ आहे. चूक शोधणं आणि दुरुस्त्या सुचवणं यावर शेकडो व्हिडिओ सापडतील. पण सुचवलेली दुरुस्ती खरी आहे की नुसती टेस्टपुरती, म्हणजे आपण लिहिलेल्या ठरावीक तपासण्यांपुरती, हे ठरवायला माणूस लागतो. आणि तो माणूस बहुतेक वेळा प्रोग्रॅमर नसतोच.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, नेर, आर्णीकडे गाडी भरायच्या आधी शेतकरी हिशेब करतो की सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर भाव काय बसेल. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला की पूर्ण भाव. 8 च्या वर 12 पर्यंत कपात होऊन भाव. 12 च्या वर गेलं की माल घेत नाहीत. आपण प्रोग्रॅममध्ये एका टक्क्याला एक टक्का कपात धरली आहे, म्हणजे 81 रुपये 10 पैसे.

[स्क्रीन: पाच ओळींचं फंक्शन]

पाच ओळी आहेत, वाचून दाखवतो. पहिली: ओलावा 8 किंवा कमी असेल तर. दुसरी: 8,11,000 पैसे द्या. तिसरी: ओलावा 12 पेक्षा कमी असेल तर. चौथी: कपात करून भाव द्या. पाचवी: शून्य द्या. सगळा हिशेब पैशात ठेवला आहे. रुपयात दशांश चिन्ह आलं की पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दोन आकडे सारखे दिसूनही बरोबरीच्या तपासणीत नापास होतात आणि मग टूल नसलेली चूक शोधत बसतं.

चूक कुठे आहे ते तुमच्यातल्या अर्ध्यांना दिसली असेल. बरोबर 12 टक्के ओलाव्याचा कापूस केंद्रावर घेतात, प्रोग्रॅम मात्र त्याला शून्य भाव देतो. तिसऱ्या ओळीत 'पेक्षा कमी'च्या जागी 'किंवा कमी' पाहिजे होतं. एवढ्याशा चुकीसाठी टूल कशाला, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण छोट्या चुकीवरच टूल कसं वागतं हे उघडं दिसतं.

आता जुळवणी. पायथॉन 3.9 किंवा त्याच्या पुढचं पाहिजे. काऊन, तर कोडचं झाड, म्हणजे कोडच्या रचनेचा फांद्या-फांद्यांचा आराखडा, बदलून परत कोड लिहून देणारी सोय, एएसटी मॉड्यूलमधलं अनपार्स, 3.9 पासूनच आहे. मग वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरतं पायथॉनचं वेगळं घर, बनवा आणि त्यात टेस्ट चालवणारं पायटेस्ट, कोणत्या ओळी चालल्या ते नोंदवणारं पायटेस्ट-कव्ह आणि वेळेची मर्यादा घालणारं पायटेस्ट-टाइमआउट टाका.

इथे जरा थांबतो, कारण गावात खरी अडचण हीच असते. रेंज एक काडी, लाइट कधी जाईल भरवसा नाही. मग तालुक्याला गेलात की तिथल्या नेटवर पिपची, म्हणजे पायथॉनची पॅकेज आणून बसवणाऱ्या टूलची, डाउनलोडवाली कमांड चालवा. ती काहीच बसवत नाही, फक्त सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये आणून ठेवते, त्या पॅकेजना लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजसकट. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. घरी येऊन पिपला सांगा की इंटरनेटकडे पाहू नकोस, या फोल्डरमधूनच बसव. दोन्ही कमांड आत्ता स्क्रीनवर आहेत, व्हिडिओ थांबवून लिहून घ्या. एकच पथ्य: दोन्ही मशीनवर पायथॉनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम सारखी पाहिजे. तिथे लिनक्स आणि घरी विंडोज असं असलं की काही पॅकेज चालतील, काही हटून बसतील.

[स्क्रीन: चार टेस्ट]

टेस्ट चार. ओलावा 7 असेल तर 8,11,000 पैसे. 10 असेल तर 7,94,780. 12 असेल तर 7,78,560. 15 असेल तर शून्य. चालवल्या. तीन पास, 12 वाली नापास.

पायटेस्टला पीडीबीचा पर्याय देऊन हेच परत चालवा. टेस्ट जिथे फुटली तिथेच प्रोग्रॅम उभा राहतो आणि तुम्ही आत जाऊन प्रत्येक चलाची, म्हणजे व्हेरिएबलची, किंमत पाहू शकता. कोडमध्ये मधेच थांबायचं असेल तर ब्रेकपॉइंट नावाचं फंक्शन लिहा, ते पायथॉन 3.7 पासून अंगभूत आहे. आपल्या टूलचा पाया हाच: थांबा, आत पाहा, विचारा.

आता चुकीची जागा टूलने स्वतः शोधायची. पायटेस्ट-कव्हमध्ये कोणती टेस्ट कोणत्या ओळीवरून गेली याची वेगवेगळी नोंद ठेवायची सोय आहे, तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात. ती चालू करा. मग प्रत्येक ओळीला संशयाचा आकडा देण्यासाठी ओचियाईचं सूत्र लावायचं. मजा अशी की हे सूत्र मुळात माशांवरून आलं. आकिरा ओचियाई या जपानी अभ्यासकाने 1957 मध्ये माशांच्या जाती कुठे कुठे एकत्र सापडतात हे मोजताना ते मांडलं. आपल्याकडे सूत्र असं: त्या ओळीवरून गेलेल्या नापास टेस्ट, भागिले, एकूण नापास गुणिले त्या ओळीवरून गेलेल्या सगळ्या टेस्ट या गुणाकाराचं वर्गमूळ.

पहिल्या ओळीवरून चारही टेस्ट जातात, म्हणून 0.5. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीवरून नापास टेस्ट गेलीच नाही, तिथे शून्य. तिसऱ्या ओळीवरून 10, 12 आणि 15 जातात, म्हणून 0.58. पाचव्या ओळीवरून फक्त 12 आणि 15, म्हणून 0.71.

पाहिलं? सगळ्यात जास्त संशय पाचव्या ओळीवर आला आणि ती ओळ निर्दोष आहे. चूक तिसऱ्या ओळीत केली, सापडली पाचवीत. म्हणून टूलला फक्त पहिल्या नंबरची ओळ दुरुस्त करायला सांगू नका. संशयाचा आकडा जास्त असलेल्या पहिल्या तीन-चार ओळी द्या.

पुढचा टप्पा दुरुस्त्या बनवायचा. एएसटीने कोडचं झाड करून घ्यायचं आणि त्यात ठरावीक बदल करायचे: तुलनेचं चिन्ह बदल, आकडा एकाने वाढव किंवा कमी कर, टेस्टमधला आकडा आणून लाव, एक ओळ उचलून दुसरीच्या जागी ठेव. प्रत्येक बदलानंतर चारही टेस्ट चालवायच्या. पास झाला तो पॅच ठेवायचा, बाकी फेकायचे.

इथे तीन खबरदाऱ्या, आणि या टाळू नका. टूल आंधळेपणाने कोड बदलतं, फाइल पुसणारी एखादी ओळ भलत्या जागी गेली तर तुमचा डेटा जाईल, म्हणून सगळं वेगळ्या फोल्डरमधल्या प्रतीवर चालवा. दुसरं, एखादा बदल अनंत लूप, म्हणजे कधीच न संपणारा फेरा, तयार करतो, म्हणून प्रत्येक टेस्टला वेळेची मर्यादा घाला, त्यासाठीच टाइमआउटवालं पॅकेज घेतलं. अनंत लूप ही काही कल्पनेतली भीती नाही. 31 डिसेंबर 2008 ला मायक्रोसॉफ्टचे 30 जीबीचे झून म्युझिक प्लेअर जगभर एकाच दिवशी गोठले. लीप वर्षाचा 366 वा दिवस आला आणि तारखेचा हिशेब करणारा लूप बाहेरच पडेना. प्रोग्रॅमची आपोआप दुरुस्ती शिकवणारे लोक पुढे हेच उदाहरण घेऊ लागले. तिसरं, अनपार्स तुमच्या सगळ्या कॉमेंट गाळून टाकतं, कारण त्या झाडात नसतातच. मराठीत मेहनतीने लिहिलेली टिपणं जातील बाप्पा. म्हणून टूलने मूळ फाइलवर लिहायचं नाही, फक्त कोणती ओळ कशी बदलली तेवढं दाखवायचं.

चालवलं. पास झालेले पॅच तीन. पहिला: 12 किंवा कमी. दुसरा: 13 पेक्षा कमी. तिसरा: 15 पेक्षा कमी. तिघांच्याही पुढे हिरवी खूण आणि चारही टेस्ट पास. 15 ची टेस्ट लिहिली नसती तर एक भलताच पॅचही पास झाला असता. शून्य देणारी ओळ काढून तिच्या जागी कपातीची ओळ चिकटवायची, म्हणजे पाण्यात भिजलेल्या कापसालाही भाव.

हे फक्त आपल्या खेळण्यातल्या टूलचं दुखणं नाही. जेनप्रॉग हे या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं टूल, 2009 च्या सुमाराचं. त्याने 105 पैकी 55 चुका दुरुस्त केल्याचा अहवाल होता. 2015 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते पॅच परत तपासले, तेव्हा खरोखर बरोबर दुरुस्ती फक्त 2 चुकांची निघाली. बहुतेक पॅच म्हणजे कामाचा कोड गुपचूप काढून टाकणं होतं. आज तुम्ही एआयच्या मॉडेलकडून पॅच घेतलात तरी तपासणी यातून सुटत नाही. ते कोड छान लिहितं, एवढंच.

तर मग तीन पॅचमधून खरा कोणता? इथे आपलं टूल प्रश्न विचारतं. पद्धत सोपी आहे. बरेच ओलावे घ्यायचे, तिन्ही पॅच त्यावर चालवायचे आणि जिथे उत्तरं फुटतात तो आकडा माणसापुढे ठेवायचा. 13 वर तिसरा पॅच भाव देतो, पहिले दोन शून्य देतात. 12.5 वर पहिला शून्य देतो, उरलेले दोघे 7,74,505 पैसे देतात.

आता नीट ऐका. टूलला फक्त पूर्णांक वापरायला सांगितलं असतं तर पहिला आणि दुसरा पॅच कधीच वेगळे दिसले नसते. पूर्णांकात '12 किंवा कमी' आणि '13 पेक्षा कमी' एकच आहे. पण ओलावा मोजायच्या यंत्रावर दशांश येतो. म्हणजे प्रश्न कुठून काढायचे हे सुद्धा यंत्र पाहिलेल्या माणसालाच कळतं. मी टूलमध्ये अर्ध्या टक्क्याची पायरी ठेवली आहे.

प्रश्नाची भाषाही बदला. 'चलाची किंमत 12.5 असताना परतावा काय' असं लिहिलं तर जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले, दिवाणजी लॅपटॉपच बंद करतील. स्क्रीनवर असं आलं पाहिजे: 'ओलावा साडेबारा आहे. भाव किती? एक, 7745 रुपये 5 पैसे. दोन, माल परत. तीन, सांगता येत नाही.' आमच्या ओळखीच्या एका जिनिंगच्या दिवाणजींना हाच प्रश्न दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "साडेबाराचा माल सीसीआय कायले घेते? वाळवून आना म्हनते, नाही तं खासगीत द्या." दोन नंबर दाबला. दुसरा, तिसरा पॅच गेला. पहिला उरला.

तिसरा पर्याय, 'सांगता येत नाही', काढू नका. तो नसला की माणूस अंदाजाने काहीतरी दाबतो आणि चुकीच्या उत्तरावर बरोबर पॅच मरतो. तो दाबला तर टूलने गुमान पुढचा प्रश्न घ्यायचा. आणि एका बैठकीत दोन-तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. कापसाच्या हंगामात काट्यावरच्या माणसाला तेवढाच वेळ असतो.

शेवटचं काम: दिवाणजींचं उत्तर पाचवी टेस्ट म्हणून फाइलमध्ये लिहा, 12.5 ला शून्य. टेस्टच्या वर कॉमेंटमध्ये उत्तर कोणत्या कामाच्या माणसाने दिलं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या हंगामासाठी, हे टाका. हमीभाव दर हंगामाला बदलतो. 2024-25 ला लांब धाग्याचा 7521 होता. ओलाव्याची अट बदलली तर हीच पाचवी टेस्ट खोटी ठरेल आणि टूल बरोबर कोडलाच 'दुरुस्त' करायला धावेल. म्हणून टूल सुरू होताना हंगामाचं वर्ष विचारतं. जुन्या हंगामाची उत्तरं ते टेस्टमधून बाजूला काढतं आणि तेच प्रश्न परत पुढे करतं. तो तुकडा वीसेक ओळींचा आहे, आता तो टाइप करून दाखवतो.