गणपतीतला पंप शिमग्यापर्यंत कसा पुरतो?

नमस्कार मंडळी, आज आपल्या औषधाच्या दुकानातूनच बोलतोय. मागे पाऊस ऐकू येत असेल तर सांभाळून घ्या, देवगडचा पाऊस आहे, तो काय आपल्या शूटिंगसाठी थांबणार नाय.

(पंप कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा, दम्या-धापेवर तोंडाने ओढायचा, रोज घ्यायचा पंप, म्हणजे इनहेलर. ह्यात १२० पफ. डॉक्टरने लिहिलंय दोन सकाळी, दोन रात्री, म्हणजे दिवसाला ४, म्हणजे ३० दिवसांत संपायला हवा. आणि आमच्याकडे एक आजोबा येतात, सगळं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढण्यात गेलेलं, त्यांनी गणपतीत नेलेला पंप शिमगा आला तरी चालूच. मी विचारलं, तर त्यांनी पंप कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "हा मरे अजून. आणि आता माका बरा वाटता, मगे कित्याक वढूचो?"

आता पहिलं म्हणजे तो जो खळखळ आवाज येतो ना तो औषधाचा नाय, डोस संपले तरी आत गॅस उरतो, त्यामुळे हलवून काय कळत नाय, मागे आकडा असेल तर तो बघायचा नायतर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहून ठेवायची. पण खरा मुद्दा त्या "बरा वाटता" मध्ये आहे.

दम्याचा माणूस बरं वाटलं म्हणून पंप सोडतो. बरं वाटतंय ते पंपामुळेच, पण रोजचा पंप आतली सूज गपचूप कमी करतो, ओढल्या ओढल्या काय जाणवत नाय. सीओपीडी, म्हणजे धुराने वगैरे फुप्फुस कायमचं खराब होतं तो आजार. तो असलेला माणूस बरोबर उलटा, तो पंप सोडतो कारण बरं वाटतच नाय. ह्यात आपल्याकडे बायका खूप, बिडीला कधी हात न लावलेल्या, पण चाळीस वर्षं पाणी तापवायच्या चुलीत ओली लाकडं आणि नारळाची सोडणं फुंकलेल्या. फुप्फुसाचं जे नुकसान झालं ते पंपाने भरून येत नाय. धाप कमी होते, अॅडमिट व्हायची वेळ कमी येते, पण घाटी चढताना दम लागतोच. मग म्हणतात, काय उपयोग? आणि निळा पंप, धाप लागली की घ्यायचा, तेवढा उशाशी ठेवतात, कारण तो पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी करतो. तात्पुरता पंप आवडीचा आणि रोजचा कपाटात, असं हे आहे.

वर भीती. "पंप लागलो म्हणजे माणूस संपलो." मुंबैसून पाहुणे आले की पंप देव्हाऱ्यामागे. आणि हीच मंडळी धापेची गोळी मात्र न कुरकुरता गिळतात! सालब्युटामॉल, म्हणजे त्या निळ्यातलंच औषध, त्याची एक गोळी ४ मिलिग्रॅम, पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका गोळीत ४० पफचं औषध, आणि ते पोटातून सगळ्या अंगात फिरून हात थरथरवणार. घाबरायचं कशाला, तुम्हीच सांगा.

पैशाचं पण आहे, त्याला मी कोणाला नावं ठेवणार नाय. १ जून ते ३१ जुलै मच्छीमारी बंद, घरात कमाई नाय, आणि दमट हवेत छाती भरते ती नेमकी तेव्हाच. परवडत नसेल तर डॉक्टरला तसं सरळ सांगा, स्वस्तातला पर्याय बऱ्याचदा असतो, पण लाजेखातर गप्प बसतात.

आणि पावसाळ्याचा अजून एक घोळ. एक काकू पावडरच्या पंपात घालून ओढायच्या कॅप्सूल बाटलीतून काढून स्टीलच्या डबीत ठेवायच्या, सुपारीसोबत. मी एक हातात घेतली तर मऊ पडलेली, आतली पावडर गुठळी झालेली. ती कितीही ओढा, छातीत काय जाणार? त्याआधी तर त्या पाण्यासोबत गिळतच होत्या, कॅप्सूल म्हटल्यावर दुसरं काय करणार, कोणी दाखवलंच नव्हतं.

तर परत आजोबांकडे. मी म्हटलं, माझ्यासमोर घ्या बघू. त्यांनी तोंड उघडलं, फुस्स केलं, अर्धं औषध टाळ्याला, थोडं मिशीला. मग झाकण काढून हलवायला लावलं, आधी श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट, हळू ओढायला लागा आणि तेव्हाच दाबा, ओढत राहा, आता थांबा. पावडरवाल्याला जोरात ओढायचं असतं, ह्याला हळू, दोन्ही असले की लोकांचा हमखास गोंधळ होतो. मी बोटांवर मोजतोय, सात, आठ, बाहेर एसटीचा हॉर्न, आजोबांचे डोळे मोठे झालेले, पिशवी काखेत, पण श्वास सोडला नाय. दहाला सोडला. म्हणाले, "ह्या आदी कोणी सांगूकच नाय."

म्हटलं, चूळ भरा आता, नायतर तोंड येईल. एसटी गेली तेवढ्यात.