एका रात्रीचे बाराशे रुपये

(दृश्य : जयगावचा बाजार, रिक्षा, गर्दी. मग भूतानचं रंगवलेलं प्रवेशद्वार.)

हे जयगाव. पश्चिम बंगालच्या अलीपुरद्वार जिल्ह्यातलं, अगदी सीमेला चिकटलेलं गाव. सकाळची वेळ आहे, आणि हॉर्नच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. समोर दिसतंय ते भूतानचं प्रवेशद्वार. त्याच्या पलीकडे फुंटशोलिंग. दोन देशांमध्ये अंतर काय ते एका भिंतीचं. पण पलीकडे गेलं की हॉर्न बंद होतात. झेब्रा पट्ट्यांवर कुणी पाऊल टाकलं की गाडी आपणहून थांबते.

(दृश्य : परमिटचा काउंटर. हातातली कागदपत्रं.)

दिवाळीच्या सुट्टीत या काउंटरपुढच्या रांगेत मराठी हमखास कानावर पडतं. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परमिट लागतं. पासपोर्ट दाखवा किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्ड चालत नाही. मुलांचा जन्मदाखला जवळ हवा. फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतले जातात. आणि भरावं लागतं शाश्वत विकास शुल्क. इथे सगळे त्याला एसडीएफ म्हणतात. भारतीय माणसाला एका रात्रीचे 1,200 रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ.

आई, बाबा, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुक्काम सहा रात्रींचा. हिशेब होतो 25,200 रुपये. हॉटेल, गाडी, जेवण, विमान हे सगळं वेगळं. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम जड आहे, यात शंका नाही. शेजारचा देश, रस्ताही भारतानेच बांधून दिलेला, मग आपल्याकडून पैसे कशाला, असं रांगेत कुणीतरी म्हणतंच.

त्याचं उत्तर या रस्त्यावरच सापडतं.

(दृश्य : गेदूचं धुकं. वळणं. कड्यावरून रस्त्यावर कोसळणारा धबधबा.)

1958 साली पंडित नेहरू भूतानला आले तेव्हा आजच्या राजधानीला, थिम्फूला, जाणारा हा रस्ता नव्हता. ते सिक्कीममधून नथु ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरले, आणि तिथून कधी घोड्यावर, कधी याकवर बसून पारोला पोहोचले. बरोबर इंदिरा गांधी होत्या. 1961 मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेने 'दंतक' प्रकल्प हाती घेतला आणि हे कडे फोडले. खेचरांचे तांडे जिथे कित्येक दिवस चालायचे, तिथे आज पाच-सहा तासांत थिम्फू येतं. रस्त्याच्या कडेला दंतकचे पिवळे फलक अजून दिसतात. भारताचं हे काम भूतानी माणूस विसरलेला नाही. पण रस्ता झाला म्हणून त्यांनी दार सताड उघडलं नाही.

(दृश्य : थिम्फूचा चौक. पांढरे हातमोजे घातलेला वाहतूक पोलीस.)

2 जून 1974. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा राज्याभिषेक. राजे अठरा वर्षांचे. जगभरातून पाहुणे येणार, पण त्यांना उतरवायला या देशात धड हॉटेलच नव्हतं. त्यासाठी इमारती बांधाव्या लागल्या. सोहळा पार पडला, इमारती उरल्या, आणि त्याच वर्षी परदेशी पर्यटकांना प्रवेश सुरू झाला. पहिल्या वर्षी किती आले? 287.

तेव्हापासून नियम एकच राहिला. थोडे पाहुणे यावेत, आणि येतील त्यांनी देशाला काही देऊन जावं. परदेशी पर्यटकाने दिवसाचा ठरलेला दर भरायचा. राहणं, जेवण, गाडी, गाईड सगळं त्यात. पाठीवर पिशवी टाकून, वाट फुटेल तिकडे भटकायची मुभा नव्हती. शेजारच्या नेपाळमध्ये लोंढा आला की डोंगरांचं काय होतं, ते भूतानला दिसत होतं. पुढे हा दर हंगामाप्रमाणे 200 ते 250 डॉलर झाला, आणि त्यातले 65 डॉलर थेट सरकारी तिजोरीत जाऊ लागले. हॉटेलवाल्याचे नव्हेत, टूरवाल्याचे नव्हेत, देशाचे. इथल्या लोकांना उपचार मोफत आहेत, सरकारी शाळांमधलं शिक्षण मोफत आहे. या खर्चाला पाहुणाही हातभार लावतो.

आणि या सगळ्यातून आपल्याला, भारतीयांना, पूर्ण सूट होती. 65 डॉलर नाहीत, दिवसाचा दर नाही. 2019 साली भूतानला तीन लाखांहून जास्त पर्यटक आले आणि त्यातले बहुतेक भारतीय होते. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत. याच प्रमाणात महाराष्ट्रात पाहुणे यायचे म्हटले, तर एका वर्षात चार कोटींहून जास्त माणसं आली असती. पाणी कुठून दिलं असतं आपण? त्यांचा कचरा कुठे टाकला असता?

(दृश्य : दोचुला खिंड. 108 स्तूप. मागे बर्फाची रांग.)

दोचुला. उंची साधारण 3,100 मीटर. भारतातल्या बंडखोर संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या सैन्याने ते उठवले. त्या कारवाईत पडलेल्या जवानांसाठी हे 108 स्तूप उभे राहिले. ही स्मारकं आहेत, आणि आपल्या देशाशी त्यांचं नातं असं थेट आहे.

ऑक्टोबर 2019 मध्ये मोटारसायकलींच्या एका ताफ्यातला पर्यटक यांतल्याच एका स्तूपावर चढून उभा राहिला. फोटो पसरला, भूतानभर संताप उसळला, पोलिसांनी त्याचा पासपोर्ट काढून घेतला. तो महाराष्ट्रातला होता. हे सांगताना वाईट वाटतं, पण पुढच्या कायद्यामागे भूतानी लोकांच्या मनात काय होतं ते समजून घ्यायचं, तर हे सांगायलाच हवं.

मागची शिखरं बघा. आकाश स्वच्छ असेल तर इथून गांगखर पुएन्सुम दिसतं. 7,570 मीटर. माणसाचा पाय अजून न लागलेलं जगातलं सगळ्यात उंच शिखर. 1994 मध्ये भूतानने 6,000 मीटरवरच्या शिखरांवर चढाईला बंदी केली आणि 2003 पासून गिर्यारोहण पूर्णच थांबवलं. शिखरं देवांची जागा मानली जातात, म्हणून. या चढाईच्या परवान्यांतून केवढा पैसा मिळाला असता! तो त्यांनी नाकारला. नुसता पैशाचा लोभ असलेला देश असं करत नाही.

2020 मध्ये कायदा झाला. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या पर्यटकांनाही रात्रीला 1,200 न्गुल्ट्रम, म्हणजे तेवढेच रुपये. तो लागू होण्याआधीच मार्चमध्ये करोना आला आणि सीमा बंद झाली. 23 सप्टेंबर 2022 ला दार पुन्हा उघडलं, तेव्हा इतर देशांच्या लोकांसाठी शुल्क 65 वरून 200 डॉलर झालं होतं. भारतीयांचे 1,200 तेवढेच राहिले. आपली गाडी आत न्यायची तर दिवसाला 4,500 रुपये वेगळे ठरले. थिम्फू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड बरोबर हवाच.

पर्यटक घटले, छोटी हॉटेलं अडचणीत आली, गाईड-चालकांची कामं गेली, आणि सप्टेंबर 2023 पासून सरकारने 200 चे 100 डॉलर केले.

(दृश्य : फोबजिखा खोरं. दलदलीवर उतरणारे काळ्या मानेचे क्रौंच.)

नोव्हेंबरातलं फोबजिखा. तिबेटच्या पठारावरून हे काळ्या मानेचे क्रौंच हिवाळा काढायला इथे येतात. खाली दलदल, कडेला बटाट्याची शेतं. हाच बटाटा फुंटशोलिंगच्या लिलावात जातो आणि भारतीय व्यापारी तो विकत घेतात.

आता हे दृश्य नीट बघा. खांब दिसतायत का? वर तारा? शेतकऱ्यांच्या घरांत दिवे आहेत, पण खोऱ्यावर एकही वीजवाहिनी आडवी गेलेली नाही. उडताना क्रौंच तारांवर आदळू नयेत म्हणून इथे वीज जमिनीखालून नेली आहे. वरून तारा ओढणं कितीतरी स्वस्त पडलं असतं. असा खर्च करणाऱ्या देशाने पाहुण्याकडे त्यातला वाटा मागितला, तर मला त्यात काही गैर दिसत नाही. भूतानच्या राज्यघटनेनुसार देशाच्या 60 टक्के जमिनीवर कायम जंगल असलंच पाहिजे. आज ते त्याहून जास्त आहे. ते फुकट टिकलेलं नाही.

(दृश्य : अजिंठा. वाघूर नदीचं वळण, लेण्यांची चंद्रकोर, तिकीट खिडकी.)

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या तिकीट खिडकीवर भारतीयाला 40 रुपये, परदेशी पाहुण्याला 600. पंधरा पट. ताजमहालला भारतीयाला 50, परदेशी माणसाला 1,100, आणि मुख्य कबरीसाठी दोघांनाही आणखी 200. हे दर लावताना आपण कुणाला विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. अजिंठ्याच्या रंगांना माणसांच्या श्वासातली वाफसुद्धा बाधते, हे आपल्याला ठाऊक आहे.

इथे एक आक्षेप मात्र खरा आहे. सार्क आणि बिमस्टेक या आसपासच्या देशांच्या गटांतल्या नागरिकांना अजिंठ्यात भारतीय दर लागतो. म्हणजे भूतानमधून आलेला भिक्खू 40 रुपयांत लेणी बघतो, आणि जळगावहून भूतानला गेलेले आपण रात्रीला 1,200 मोजतो. ही बरोबरी झाली का? नाही झाली. पण 140 कोटींच्या देशाने आठ लाखांना दिलेली सूट आणि आठ लाखांच्या देशाने 140 कोटींना दिलेली सूट यांचा भार सारखा कसा असेल? शिवाय सवलत आपल्यालाही आहेच. जर्मन किंवा जपानी माणूस भरतो त्याच्या साधारण सातव्या हिश्श्यात आपलं काम होतं.

(दृश्य : ताक्त्संगची पायवाट. अर्ध्या वाटेवर घोडे. मग कड्याला बिलगलेला मठ.)

ताक्त्संग. 1692 मध्ये बांधलेला मठ. 1998 च्या आगीत मुख्य भाग जळाला, 2005 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. घोडे अर्ध्या वाटेपर्यंतच. पुढची वाट आणि पायऱ्या ज्याच्या त्याच्या पायांनी. दारात फोन आणि कॅमेरे जमा करायचे. त्यामुळे आतलं काही आम्ही तुम्हाला दाखवू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

(दृश्य : पारोचा रस्ता. 'महाराष्ट्र' लिहिलेल्या टोप्या घातलेला गट बसमध्ये चढतो.)

100 डॉलरचा दर 31 ऑगस्ट 2027 पर्यंत आहे. त्यानंतर काय, यावर भूतानला निर्णय घ्यायचा आहे, आणि भारतीयांचे 1,200 कमी करा, माफ करा हा आग्रह तेव्हा पुन्हा होईल. भूतानने तो मान्य करू नये. मुलांसाठी सूट वाढवावी, लांब मुक्काम करणाऱ्यांना सवलत द्यावी, म्हणजे माणसं दोन रात्रींत थिम्फू-पारो उरकून न पळता 'हा' नावाच्या खोऱ्यात आणि पूर्वेकडच्या बुमथांगपर्यंत जातील. पण शुल्क राहू द्यावं.

आणि आपल्या टूर कंपन्यांनी जाहिरातीत ही रक्कम तळटीपेत न टाकता दराशेजारीच छापावी. बसमध्ये पहिल्या दिवशी अंताक्षरी सुरू होण्याआधी पाच मिनिटं काढून ती कशासाठी आहे तेही सांगावं. दोचुलाला बस थांबेल तेव्हा स्तूपांपाशी कसं वागायचं, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.