रंग येवंदे

[दृश्य : आधी फक्त आवाज. पंख्याची घरघर, मग घणाचा ठोका. पडदा जवळजवळ काळा.]

पडदा काळपट दिसतोय, कारण आमचा दिवा लोहारकाकांनी विझवायला लावला. सिंधुदुर्गातल्या या लोहारसाळीत भरदुपारीही काळोख असतो. दाराबाहेर मे महिन्याचं ऊन डोळ्यांवर येतं, आणि आत उजेड काय तो भट्टीचा. ही साळ मुद्दामच अंधारी ठेवली आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात दिसत नाही. उजेडात लोहाराला ते थंडच वाटतं, तो आणखी तापवत राहतो आणि पातं जळून जातं.

[दृश्य : भट्टीत खुपसलेलं कोयतीचं पातं, जवळून.]

साधारण 500 अंश सेल्सिअसच्या पुढे काळोखात पहिली लाली दिसू लागते. 750 ते 800 च्या दरम्यान पातं पिकल्या रतांब्यासारखं लाल होतं. 950 च्या आसपास पिकली सुपारी, आणि 1100 ला हापूसच्या सालीचा पिवळा. ठोकायचं ते सुपारीच्या रंगापासून या पिवळ्यापर्यंत. लाली उतरल्यावर घण घालत राहिलं तर पात्याला चीर जाते. 1300 कडे गेलं की लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. तेवढा तुकडा मग वायाच गेला.

घण उचललेल्या पुतण्याला काका थांबवतात : "थांब रे, रंग येवंदे."

आता जाळाकडे बघा. दगडी कोळसा नुसता ओतून भागत नाही. नवा कोळसा पिवळट, उग्र धूर सोडतो. तो कडेला रचून ठेवायचा, तिथल्या आचेवर भाजू द्यायचा. धूर निघून गेला की तो हलका, सच्छिद्र होतो, आणि मग आकडीने ओढून मध्ये घ्यायचा. खरी आच या भाजलेल्या कोळशाची. कडेवर अधूनमधून पाणी शिंपडतात ते जाळ पसरू नये म्हणून. पूर्वी इथे लाकडी कोळसाच जाळत, काही ठिकाणी आजही जाळतात.

कातड्याचा भाता जाऊन पंखा आला, पण वारा घालण्याची अक्कल तीच लागते. भट्टीत वारा आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी तो ताजा असतो. पातं तिथे धरलं तर प्राणवायू लोखंडच खातो आणि पापुद्रे सुटून पातं बारीक होतं. म्हणून ते नळीपासून चार-पाच बोटं वर, खाली निखारा आणि वरही निखारा, असं आडवं ठेवतात. वर येईपर्यंत वाऱ्यातला बहुतेक प्राणवायू कोळशाने घेतलेला असतो. मला या सगळ्या कामातलं हे सर्वांत नाजूक वाटतं, आणि बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

[दृश्य : पातं पाण्यात. चर्र आवाज, वाफ.]

ही कोयती ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची आहे. त्या लोखंडात कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. रतांब्याच्या लालीवर, 770 अंशांच्या आसपास, लोहचुंबक लोखंडाला चिकटेनासा होतो. त्याच्या किंचित पुढे धारेची बाजू पाण्यात बुडवायची. धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. मग पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकू द्यायची. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. गवताचा रंग धारेला लागला की पातं पुन्हा पाण्यात. निळाई धारेपर्यंत पोचली तर धार मऊ पडते, आणि अशी कोयती नारळाच्या सोडणावर वाकते. पिवळा ते निळा हे अंतर जेमतेम सत्तर-ऐंशी अंशांचं, आणि मोजायला फक्त डोळे.

मृग तोंडावर आला आहे. दारात कोयत्या, कुदळी, पारया पाजवायला येऊन पडल्या आहेत.

[दृश्य : संध्याकाळ. पंखा बंद.]

काका भट्टी उकरतात. तळाशी साचलेलं काचेसारखं चिकट कीट सांडशीने काढून टाकतात, नाहीतर उद्या नळीचं तोंड बुजेल. भाजून उरलेला कोळसा पाणी मारून टोपलीत भरतात. सकाळची भट्टी त्याच्यावर पेटेल.