जी सगळ्यांचं करते, तिचं कोण करतं? | डॉक्टर-नर्सच्या जुन्या कादंबऱ्या

(जुनं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. पानं पिवळी, शिवण सुटलेली. मुखपृष्ठावर पांढऱ्या टोपीतली नर्स आणि मागे उंचच उंच डॉक्टर, जरासा वैतागलेला. रद्दीच्या दुकानात तीस रुपयांना मिळालं. हसू नका! गेल्या पावसाळ्यात आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा रात्री बाकड्यावर बसून मी अशी अकरा पुस्तकं संपवली. हॉस्पिटलात बसून हॉस्पिटलच्याच गोष्टी, हो.

मिल्स अँड बून, म्हणजे प्रेमकथा छापणारी ब्रिटिश प्रकाशनसंस्था, हे नाव तुम्हाला माहीत असेलच. त्यात डॉक्टर-नर्सचं एक वेगळंच घराणं आहे. कॅनडाच्या हार्लेक्विन प्रकाशनाने १९५७ मध्ये मिल्स अँड बूनची पुस्तकं तिकडे छापायला घेतली, तेव्हा सुरुवातच हॉस्पिटलच्या गोष्टीने झाली.

या घराण्यातल्या माझ्या लाडक्या बाई म्हणजे बेटी नील्स. स्वतः इंग्लंडमधल्या नर्स आणि सुईण. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नर्स म्हणून फ्रान्सला गेल्या. नवरा डच, त्यामुळे हॉलंडमध्ये कित्येक वर्षं संसार. निवृत्त झाल्यावर एकदा वाचनालयात कोणी बाई कुरकुरत होती, की हल्ली चांगल्या प्रेमकथाच मिळत नाहीत. बेटीबाईंनी ते ऐकलं आणि लिहायला बसल्या. पहिली कादंबरी १९६९ मध्ये आली. २००१ मध्ये त्या गेल्या. एकूण कादंबऱ्या १३४! निवृत्तीनंतर!

गोष्ट म्हणाल तर बहुतेक वेळा एकच. तो डच, सहा फुटांच्या वर, नावाजलेला, गडगंज, मितभाषी. गाडी बेंटली किंवा रोल्स रॉइस. ती पंचविशीतली नर्स, बऱ्याचदा चारचौघींत उठून न दिसणारी. मध्ये एक सडपातळ, झकपक बाई येते. तिची डाळ शिजणार नाही, हे ती दारातून आत येतानाच कळतं.

कित्येकदा तर तो आधी लग्नाचंच विचारतो. प्रेमाबिमाचं काही नाही. आपलं पटतं, घराला कोणीतरी हवंय, करूया का? आधी अक्षता, मग ओळख. आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. फरक एवढाच, की इथे विचारतात तिला; तिच्या काकांना नाही.

बरं, एक गंमत. आपण कुठलीही नर्स दिसली की ‘अहो सिस्टर’ म्हणतो. इंग्लंडात सिस्टर हा हुद्दा. अख्खा वॉर्ड तिच्या ताब्यात. बेटीबाईंना हे सगळं आतून ठाऊक. त्यामुळे बेडपॅन धुणंही येतं, रात्रपाळीनंतर भरून आलेले पायही येतात.

आणि माझ्या मते खरी मोहिनी इथेच आहे. ही बाई दिवसभर सगळ्यांचं करते. पेशंटचं करते, घरी आईवडिलांचं करते. आपल्याकडे हे क्रियापद कसलं जबरदस्त आहे बघा: ‘तिने सासूचं शेवटपर्यंत केलं.’ मग तिचं कोण करतं? तर हा ढिम्म डॉक्टर. पाळी संपवून ती बाहेर येते, तो तिचा चेहरा बघतो आणि काही न विचारता गाडीचं दार उघडतो. मग गरम चहा, लोणी लावलेला टोस्ट, केक. बाई या खाण्यावर पानभर लिहितील आणि प्रेमाच्या कबुलीला, तीही शेवटच्या पानावर, चार ओळी. वर एक चुंबन. संपलं पुस्तक.

खटकतं का? खटकतं ना. डॉक्टर म्हटला की पुरुषच, नर्स म्हटली की बाईच. लग्न झालं की एवढी हुशार सिस्टर राजीनामा देऊन मोठ्या घराच्या किल्ल्या सांभाळते. तिथे मी दर वेळी पुस्तक मिटून भिंतीकडे बघते. आणि परत उघडते.

(शेवटचं पान दाखवत)

आता हे बघा. हे पुस्तक आधी कुठल्यातरी वाचनालयाचं होतं. तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, शेजारी सभासद क्रमांक. २१४ जूनमध्ये. २१४ ऑक्टोबरमध्ये. आणि इथे, पुढच्या वर्षी, परत २१४.